विहारातला चालू माइक

हसा तुमी, पण त्या दिवशी मले तोंड लपवाले जागा नव्हती.

मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावात मी आशाताई, म्हंजे सरकारी दवाखान्याचं आरोग्याचं काम घरोघरी पाह्यणारी. रविवारी विहारात वंदना झाली, तसं साऱ्या माणसाइले बाहेर काढलं, दारं लावले आन् बायाइले स्तनातल्या गाठीबद्दल सांगाले बसली. बाया पदरात तोंड खुपसून खुसुखुसु हसून राह्यल्या.

मी म्हटलं, "लाजता काहून? इथं आपल्याशिवाय कोणी ऐकून राह्यलं काय? दर महिन्याले आंघोळीच्या वक्ती बोटं सपाट ठेवून गोल गोल दाबून पाहा. काखेतबी पाहा. गाठ दुखत नाही म्हणून घरी बसू नका!"

तेवढ्यात दारावर थापा. बाहेरून माह्या नवऱ्याचा आवाज, "अवं, वंदनेचा माइक चालूच हाये! भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकलं!"

मी घरात दडून बसली. संध्याकाळी शांतामावशी आली. लाजेपायी ती सभेले आलीच नव्हती.

"भोंग्यानं सांगतलं तसं केलं वं बाई. काखेजवळ काहीतरी हाताले लागते."

दुसऱ्याच दिवशी तिले वाशिमले नेलं. कॅन्सरच निघाला, पण गाठ लहान होती. ऑपरेशन झालं, आता मावशी ठणठणीत हाये.

परवा तिचा म्हातारा रस्त्यात आडवा आला. मले वाटलं, आता शिव्या बसतात. तो म्हणे, "पोरी, पुढच्या बारीले भोंग्याचं तोंड वावराकडं करजो. निंदाले गेलेल्या बायाइले नीट ऐकू आलं नाही."