कुडपणच्या कड्यावरचा कठडा

दुपारचे चार. पोलादपूर तालुक्यातलं कुडपणचं पठार. मी आणि बायको. यंदा वर्षभर आम्ही नव्या जागा बघत फिरलो, पण सगळ्यात आवडती कोणती विचाराल तर हीच, कारण इथून जिवंत परत आलो.

फोटो काढता काढता असं दाट धुकं आलं, की शेजारी उभी असलेली बायको दिसेना. मी अंदाजाने गाडीकडे निघालो, बायको माझ्या पावलांच्या आवाजामागे. तेवढ्यात मागून एका म्हातारीने हाक मारली, "चालू नको रे! खाली बस!"

"का म्हणून? माझी गाडी समोरच आहे."

"समोर कडा हाय. आमची गुरं पन धुक्यात बसून ऱ्हातात, तू कोन मोठा?"

"मी पत्रकार आहे, आजी. उभं आयुष्य रस्त्यावर काढलंय."

"मग बसून लिव. गो बाय, धर त्याचा सदरा!"

बायकोने सदरा असा ओढला, की मी चिखलातच बसलो. धुकं विरलं तेव्हा माझ्या बुटांपुढे वीतभर गवत होतं आणि त्यापुढे नुसती दरी. वादात हरल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

घाट उतरल्यावर रस्त्याकडेला फलक दिसला: 'कुडपण कड्यावर संरक्षक कठडा. काम पूर्ण.' दुसऱ्याच दिवशी बांधकाम खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारलं, कठडा कुठे आहे?

"बघून सांगतो," साहेब म्हणाले.

फलक अजून तिथेच आहे. कठडा कुठे आहे, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.