ताळेबंदातलं देणं

हे कोणाला सांगायचं नाही असं आईनं बजावलंय, म्हणून तुझ्या कानात हळू बोलते. माझे नाना बँकेत हिशेबनीस आहेत. त्यांनी घरी आणलेला बँकेचा ताळेबंद मी वाचला आणि वर्गातल्या कांताला म्हटलं, "बँकेच्या डोक्यावर लाखोंचं देणं आहे गं."

दुसऱ्या दिवशी ठेवी काढायला बँकेच्या दारापासून पार मांडवीच्या बाजारापर्यंत रांग लागली. सर्वांत पुढे कांताचे वडील.

नाना दुपारी जेवायला आले तेच घामाघूम. "लोकांच्या ठेवी परत द्यायच्या असतात, म्हणून त्या देण्यातच लिहितात. कुठल्या दीडशहाण्यानं ही आवई उठवली? माझी नोकरी जायची आता."

मी भात चिवडत राहिले.

आत्ता ओसरीवर कांताचे वडील येऊन बसलेत. मी मुद्दाम नव्हतं गं केलं, मला खरंच वाटलं की—

"सुमे," नानांची हाक आली, "बाहेर ये. हे तुझंच नाव घेताहेत."