व्याज नव्हे, खुशी

मी वनमाला दशरथ गमरे, वय ४९ वर्षे, काम साकीनाका येथील प्लॅस्टिकच्या कारखान्यात पॅकिंगचे, रा. असल्फा, घाटकोपर (प.). पोलीस ठाण्यात बोलावून विचारल्यावरून खरे ते सांगते की,

आमच्या शेजारी मालन वाघचौरे राहतात. त्या इस्पितळात आया होत्या. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या फंडातून त्या चाळीतल्या गरजूंना पैसे देतात. त्यांच्याकडे सावकारीचा परवाना नाही. त्या बेकायदा व्याज घेतात, अशी तक्रार चाळीतल्याच शिवदास यांनी दिली आहे. मालनताईंना अटक होऊ शकते, असे मला सांगण्यात आले.

मुलगी श्वेता हिच्या नर्सिंगच्या फीसाठी मी त्यांच्याकडून पन्नास हजार घेतले. बँकेने मला वाटेला लावले होते. हप्ता देताना मी वर पाचशे रुपये ठेवते. त्याला आमच्याकडे खुशी म्हणतात. सगळेच देतात. मालनताई ती मागत नाहीत, "असू दे गं" म्हणतात आणि घेतात.

"मग ते व्याजच झालं ना, बाई?" असे साहेबांनी विचारले. माझे पती वारले तेव्हा चार महिने मी खुशी दिली नाही, हप्ताही दिला नाही. मालनताई भाकरी घेऊन येत, पैशाचा विषय काढत नसत. असे व्याज कोणी पाहिले असल्यास मला दाखवावे.

शिवदास यांचे काम सुटले, तरी त्यांनी खुशी थांबवली नाही. बायकोचे डोरले मोडून ती दिली. ती द्यावीच लागते, असे ते धरून चालले होते. मला त्यांचा राग नाही, वाईट वाटते. काल मी मालनताईंना विचारले, "त्याचं काम गेलेलं तुला ठाऊक होतं ना? मग घेतलीस कशाला गं?" त्या म्हणाल्या, "नको म्हटलं असतं, तर त्याला वाटलं असतं मी त्याला भिकारी समजते." मग त्या रडल्या.

गुन्हा सिद्ध झाला तर माझे राहिलेले अठरा हजार बहुतेक फेडावे लागणार नाहीत, असे हवालदारांनी सांगितले. क्षणभर बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण ते मी फेडणार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात माझ्या तोंडी दोनदा 'व्याज' घातले होते, ते मी खोडून 'खुशी' करायला लावले. मात्र शिवदास खोटे बोलतात, असे मी म्हटलेले नाही. तसे कुठे लिहिले असेल, तर तेही खोडावे. बाकी बरोबर आहे.