मढ्यांचा कॅमेरा

पेडण्याकडचं हळर्ण, थंयचो मी. मराठी शाळेत शिकलो म्हणून तुमच्याशी मराठीतून बोलतो, पण मध्ये मध्ये आमचं पेडणेकरी येणारच, तुम्ही काय ते सुधारून घ्या. बापूस पेडण्याला एका पाखल्याकडे, म्हणजे पोर्तुगीज साहेबाकडे, बागेत कामाला होता. पोर्तुगीज राज्य गेलं तेव्हा तो पाखलो घाईघाईत निघाला आणि जाताना बापसाच्या हातात एक काळी चामड्याची डबी देऊन गेला. आवयला, म्हणजे आईला, वाटलं दागिने. बघतात तर जर्मन कॅमेरा. बटण दाबलं की झाकण खाली पडायचं आणि आतून पेटीच्या भात्यासारखा काळा भाता पुढे यायचा, आवय ओरडलीच, गे बाये माझे.

त्या जातीचे कॅमेरे तीन तऱ्हेचे. रोल एकच, पण एक आठ मोठे फोटो काढणारा, एक बारा चौकोनी काढणारा, आणि एकात पत्र्याची चौकट बसवली की सोळा लहान निघायचे. माझा आठवाला. पाठीमागे लाल काचेचं बारीक जनेल, म्हणजे खिडकी, त्यात पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा. म्हापशाच्या एका स्टुडिओत झाडू मारता मारता मी हे सगळं शिकलो आणि गावात येऊन फोटोग्राफर म्हणून मिरवायला लागलो.

मिरवलो कसला. पहिलं बोलावणं आलं ते मढ्याचा फोटो काढायला. तेव्हा जिवंतपणी फोटो कोण काढतो? म्हातारं माणूस गेलं की मग घरच्यांना आठवायचं, अरे, हेचो एकूय फोटो नाय, आणि धावत माझ्याकडे. मढं खांबाला टेकवून बसवायचं, शाल पांघरायची, कोणीतरी मागून मान धरायची आणि मी फोटो काढायचा. त्या काळात कोंकणी-मराठीची भांडणं पेटलेली, एका घरातले भाऊ भाऊ बोलेनात, पण मढं मराठीवाल्यांचं असो नाहीतर कोंकणीवाल्यांचं, बोलावणं माझ्याकडेच.

आणि मढ्यांचा कॅमेरा अपशकुनी म्हणून लग्नाची बोलावणी बंद. खांद्याला बॅग लावून रस्त्याने निघालो की बायका दारात येऊन विचारायच्या, कोण गेलो रे? मी चाललेला असायचो रोल आणायला. बायको म्हणाली, अहो, तो कॅमेरा पावांच्या पिशवीत घालून न्या. नेला, चोरासारखा नेला. मग जिद्दीने मी बारावाला दुसरा कॅमेरा घेतला, जुनाच, आणि सांगत सुटलो की हा फक्त लग्नांचा. लोक म्हणाले, तोच भातो, तेच चामडे, तेच तोंड. मला असा राग यायचा. अडाणी म्हणायचो मी त्यांना, तोंडावर म्हणायचो. कॅमेऱ्याला काय कळतं, समोरचं माणूस जितं आहे की मेलेलं?

मला एकच चेडू, सुलभा. गोवा घटक राज्य झालं त्याच सुमाराला तिचं लग्न जमलं, डिचोलीकडच्या नार्वे गावात. जावई खाणीच्या ऑफिसात, घर चांगलं. व्याही बोलणी संपवून उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, फोटोची काळजी करूं नाकात, आमचो मनीस येतलो. मी हसून हो हो म्हटलं. काय सांगू तुम्हाला, बापाने आपल्या पोरीचा फोटो काढायचा नाही. लग्न त्यांच्या दारात झालं. तो रंगीत फोटोवाला तरुण, त्याला मी कोण ते ठाऊक नाही, मला म्हणतो, काका, ही लायट मात्शी वयर धरा. धरली. मुलीचा बाप, भर मांडवात, दुसऱ्याची लायट धरून उभा. बायकोने पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या घरात व्याह्यांची आई होती, विधवा म्हातारी. विधवेने शुभकार्यात पुढे येऊ नये म्हणून ती दिवसभर आतल्या खोलीत बसून होती. ती आणि माझा कॅमेरा, दोघांनाही मांडवात जागा नव्हती.

सुलभाला मुलगी झाली, ती रांगायला लागली आणि ही म्हातारी वारली. सकाळीच व्याह्यांनी पायलट पाठवला, आमच्याकडे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात, आणि निरोप काय, कॅमेरो घेवन या, आवयचो एकूय फोटो ना. मला काय झालं सांगू? आनंद झाला. घरचं माणूस गेलेलं आणि मी पायलटच्या मागे बसून खुशीत चाललो होतो, की लागली ना माझी गरज. बॅग उघड उघड खांद्याला लावली होती. आज सांगताना मान वर होत नाही.

फोटो सुरेख आला, म्हातारी झोपेतून उठून बसल्यासारखी. बाराव्याला मी तो फ्रेम करून नेला, कॅमेरा खांद्याला होताच. व्याही तो छातीशी धरून लहान पोरासारखे रडले, आणि मग डोळे पुसून सगळ्या पावण्यांसमोर म्हणाले, आता घरातल्या जित्या माणसांचे फोटो काढा, पयली सून आनी नात. सुलभा मुलीला घेऊन तुळशीपाशी उभी राहिली, हसत. ह्याच बोलण्यासाठी मी झुरलो होतो.

भाता उघडला, अंतर धरलं, डोळा लावला. काचेत त्या दोघी दिसल्या, आणि त्याच चौकटीत मी आजवर बसवलेली माणसं दिसायला लागली, खांबाला टेकवलेली, मान धरलेली. बोट हलेना. सगळ्या गावाला अडाणी म्हणणारा मी, माझ्याच पोरीसमोर घामाने भिजलो. शेवटी म्हटलं, कॅमेऱ्याचा चाप अडकलाय.

व्याह्यांना वाटलं मी जुना राग काढतोय. ते चारचौघांत पुढे आले, हात जोडले, म्हणाले, लग्नात आमी तुमचो अपमान केलो, चूक जाली, माफ करा. आणि मी काय केलं? मान डोलावली. माफ केलं त्यांना! अहो, ह्या कॅमेऱ्याची जी भीती तुम्हाला, तीच माझ्याही पोटात आहे, एवढं सांगायचं होतं, तेवढीही हिंमत झाली नाही. ते गेले आता. त्यांचाही फोटो मीच काढला, आणि काढताना त्यांच्या तोंडाकडे धड बघवेना.

त्या दिवशी निघताना सुलभा वाटेपर्यंत आली. म्हणाली, बाबा, चाप तू ओढूकच नाय. माझ्या कॅमेऱ्याशेजारी वाढलेली ती, तिला कळणारच. मी म्हटलं, बाये, माका भंय दिसलो. तिने पोरीला माझ्या कडेवर दिलं आणि बस येईपर्यंत तशीच उभी राहिली.

आता रोल मिळत नाहीत, भात्यांना भोकं पडली, दोन्ही कॅमेरे कपाटात आहेत. सुलभा चवथीला येते. नात मोबाईल समोर धरून म्हणते, आजो, हांस, आणि मी हसतो. सुलभा कधीतरी बोलून जाते, बाबा, तुझ्या हातचो माझो एकूय फोटो नाय. बाप असून फोटो नाही ह्याची लाज वाटते, आणि नाही म्हणून बरंही वाटतं, ह्याची त्याहून जास्त वाटते. आमच्या ग्रामदेवीला, सातेरीला, एवढंच सांगून ठेवलंय, माझं लेकरू सुखी ठेव, आणि तिच्याआधी मला ने. माझा फोटो कोणी काढो न काढो.