जुन्या पुस्तकातला नियम

संध्याकाळी कागलहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको बसले होते. दर रविवारी मित्रांबरोबर फासे टाकून ते वीर-राक्षसांचा खेळ खेळतात त्यात प्रत्येकाचं माणूस नाहीतर यक्ष असं एक पात्र असतं, ते लढून अनुभवाचे गुण कमावतं आणि पुस्तकातले नियम नवरा सांगतो, एवढं मला उजळाईवाडी येईपर्यंत कळलं होतं.

"अहो, माझ्या तलवारवालीला आता जादू शिकायची हाय."

"शिकू दे की. पण तलवार सोडाय लागंल."

"का? यक्षांना दोन्ही एकदम चालतंय की."

"त्यांचा अनुभव निम्मा-निम्मा वाटला जातोय. माणसानं एक काम सोडायचं, मगच दुसरं धरायचं. जादू शिकताना परत तलवार उचलली, तर त्या लढाईचा अनुभव बुडाला."

"कुठल्या पुस्तकात हाय हे?"

"जुन्या."

"नव्या पुस्तकात कुणीबी कायबी शिकतंय."

"म्हणून तर नुसता बाजार झालाय, संयोगिता. चिमूटभर जादू, चिमूटभर चोरी, आन् म्हणं वीर. आपल्यात जुनाच नियम."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं. सोमवारी मी कारखान्यात नोकरी धरली. आता घरी जाऊन भाकरी थापली, तर माझा आजचा अनुभव बुडाला."

"ते खेळातलं हाय गं."

"नियम म्हंजे नियम, तुम्हीच म्हणतासा."

"बरं बाई, नवं पुस्तक लावूया."

"लावा. परात वरच्या फळीवर हाय."

"मला कुठं येत्यात भाकरी?"

"नव्या पुस्तकात कुणीबी कायबी शिकतंय की."