भागून तरी बघा

हॅलो? ताई? हां, ऐकू येतंय… निकाल वाचायला घेतलास? थांब. थांब म्हणते ना…

अगं ऐक तर! शेवटचा प्रश्न. एक लाख सात. तू उत्तरसूचीत काय दिलंयस?… मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ताई, जातो.

…चिडू नकोस. तू भागून पाहिलं होतंस ना? मग कुठे थांबलीस?

एकोणनव्वद.

अगं, तीनशे सोळापर्यंत जायला हवं होतं!… हो, कंटाळा येतो, माहितीये, पाढे म्हणतानाही तू मधले गाळायचीस… बरं, राहिलं. सत्त्याण्णव घे. तुझ्या पुढचीच. कर आत्ता. शंभरात एकदा, उरले तीन… तीस, भाग शून्य… तीनशेत तीनदा, उरले नऊ… वरचा सात खाली घे…

हॅलो?

…हो. बाकी शून्य. एक हजार एकतीस वेळा, पूर्ण.

एका मुलीने हेच लिहिलंय. ती गं, चष्म्याला दोरा बांधलेली. आत्ता दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, ‘बाई, भागून तरी बघा.’ आणि मी तुझं उत्तर समोर ठेवून शून्य देऊन मोकळी! हे पाच गुण धरले तर निवासी शाळेतली ती एकुलती एक जागा तिची आहे…

हो, नुसतं उत्तर. रीत नाही लिहिली… कुणाचं बघून लिहील? बाकी सगळ्यांनी तुझंच लिहिलंय!

रीत आहे. बाकावर आहे. मी वर्गातच उभी आहे. शिसपेनने, मुंगीएवढ्या अक्षरात. सात, अकरा, तेरा… एकही गाळलेला नाही गं… अहो मावशी! तो बाक नका पुसू! फडकं खाली ठेवा आधी… तुला नाही, सफाईच्या मावशींना.

बाकावर लिहायचं नसतं, मान्य. कच्च्या कामाला कागद दिला होतास?… मग!

काढला फोटो. काही उठत नाही त्यात, मान तिरकी करून बघावं लागतं…

पाहुणे खोळंबलेत? खोळंबू देत… पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, ताई.

…

होईल शोभा. थोडीशी होईल. तू स्वतः सांगितलंस तर कमी होईल.

…

काय? पाहुण्यांना डोळ्यांनी बघायचंय? बघू देत की! नाही, तू इकडे येऊ नकोस, माईक सोडू नकोस… बाकच आणते तिकडे. कसा म्हणजे? उचलून! मावशी, ते टोक धरा. हात कोरडे करा आधी. आडवा नको, आडवा नको…

ताई, सभागृहाचं दार सताड उघडं ठेव. आणि तिला पुढे बसव… ठेवते आता. दोन्ही हात लागणार आहेत.