वाढत गेलेला भाव

मुलगी : ...म्हणजे कर्जावरचं व्याज यंदाही खाली येत नाही. तेल महागलं. संपलं पहिलं पान. चहा घ्या बाबा, गार होतोय.

बाबा : होऊ दे. ते रडगाणं पुरे झालं. आपल्या कारखान्याच्या शेअरचं सांग.

मुलगी : दोनशे चाळीस. कालच्यापेक्षा दोननं वर.

बाबा : बघ! मी काय म्हणत होतो? चाळीस वर्षं तिथल्या पियानोंना सूर लावले मी. तो कारखाना मला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणार नाही. आणि संगीताच्या पानावर?

मुलगी : ते... त्या मोठ्या संगीतशाळेनं आपले साठ पियानो मागवलेत. पक्कं झालं म्हणे.

बाबा : साठ! डोळे असते ना, तर आज फाटकापाशी जाऊन उभा राहिलो असतो. शिवणताईंना सांगायला हवं. खूश होतील.

मुलगी : त्यांचा काय संबंध?

बाबा : अगं, परवा आल्या होत्या, शर्टाची बटणं लावायची होती तेव्हा. जिन्याखाली मशीन टाकून बसतात बिचाऱ्या. दुकानासाठी साठ हजार साठवलेत. म्हटलं, बँकेत कुजवता कशाला? आमचा शेअर घ्या. अडीचशे येतील, वर्षात दुप्पट होतील.

मुलगी : बाबा! काय केलंत हे?

बाबा : का? वाईट काय सांगितलं?

मुलगी : घेतले त्यांनी?

बाबा : आज भाचा येणारे त्यांचा, तो मोबाइलवर घेऊन देईल. अगं, काय पडलं? खुर्ची? कुठं निघालीस?

मुलगी : खाली. आलेच.

बाबा : आधी सांग काय झालं ते. मला दिसत नाही, तू बोल.

मुलगी : दोनशे चाळीस नाहीये बाबा. चोवीस आहे.

बाबा : काय बोलतेस! एका रात्रीत?

मुलगी : चार महिने झाले. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशीच कारखान्याला टाळं लागलं. तुम्ही डोळ्यांना पट्टी बांधून पडला होतात आणि शुद्धीवर आल्या आल्या विचारलंत, भाव काय? डॉक्टरांनी बजावलं होतं, ताण द्यायचा नाही. मी म्हटलं, वाढलाय. मग रोज थोडा थोडा वाढवतच गेले. थांबायचं कुठं, तेच कळेना.

बाबा : म्हणजे माझंही गेलं सगळं.

मुलगी : हो. म्हणून तर मी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या.

बाबा : आणि रेडिओ? दुरुस्तीला टाकलाय म्हणालीस.

मुलगी : कपाटात आहे. वायर मीच काढलीय.

बाबा : साठ पियानो?

मुलगी : तेही मीच.

बाबा : भाव सांगताना तुझा आवाज अर्ध्या सुरानं चढायचा. रोज ऐकत होतो गं. वाटायचं, बापाचं चांगलं चाललंय म्हणून पोर हरखलीय. मोठा आलोय सूर लावणारा!

मुलगी : हव्या तेवढ्या शिव्या द्या मला, पण...

बाबा : शिव्या नंतर. आधी पळ. त्या बाईंना अडव.

(दारावरची घंटा वाजते.)

शिवणताई : आहात ना काका? हा घ्या तुमचा शर्ट. वरच्या बटणाला दोरा दुहेरी घातलाय, आता जन्मात तुटायचं नाही. आणि हो, तुमचं काम फत्ते!

मुलगी : ताई, ते शेअर आज घेऊ नका.

शिवणताई : आज कशाला? भाचा कालच आला की. दोन मिनिटांत झालं. कुरकुरत होता मेला, मावशी, हा शेअर फार पडलाय म्हणे. मी म्हटलं, गप बैस, तुला जास्त कळतं की काकांना? त्यांची हयात गेलीय तिथं.

बाबा : सगळे घातलेत? साठच्या साठ?

शिवणताई : सगळे. आणि गंमत ऐका. तुम्ही म्हणालात, अडीचशे येतील. मला अडीच हजार आले! आयुष्यात पहिल्यांदा काही मापापेक्षा जास्त पदरात पडलं बघा.

बाबा : पोरी, आज विकले तर?

मुलगी : घेणारं कुणी नाही, बाबा. आता कुणीच नाही.

शिवणताई : विकायचे कशाला? कालच तर घेतले! आणि अशी तोंडं का पाडलीत दोघांनी? भांडलात का?

बाबा : बसा ताई. नीट टेकून बसा. पोरी, पेपर उचल. कारखान्याची बातमी वाच. छापलीय तशी. आवाज न चढवता.

मुलगी : बाबा, मी सांगते ना त्यांना. चूक माझी...

बाबा : भरीला मी घातलं त्यांना. वाच.

शिवणताई : वाच गं, वाच. आता मलाही रोज ऐकायला हवं.